आधी चौकोन

मला आसानोहा शिकायचं होतं. जपानी लाकडी जाळीकाम ज्याने एकदा जवळून पाहिलं, त्याला बहुधा तेच शिकायचं असतं. सहा टोकांचे तारे, एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला भिडलेलं, आणि सगळ्या पसाऱ्यात कुठे खिळा नाही की स्क्रू नाही. कानुमाच्या कार्यशाळेत पहिल्याच दिवशी मी तसं सांगून टाकलं. सेन्सेईंनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि माझ्यापुढे हिनोकी लाकडाच्या आठ पट्ट्या ठेवल्या. "आधी चौकोन," म्हणाले.

चार उभ्या, चार आडव्या. प्रत्येकीची जाडी दोन बु, म्हणजे सहा मिलिमीटर. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींना निम्म्या खोलीची खाच, आणि खाच खाचेत बसली की दोन्ही पट्ट्या एका पातळीत. काम एवढंच. एप्रिलचा पहिला आठवडा होता. ती जाळी त्यांच्या पसंतीला उतरली तेव्हा जुलै संपत आला होता.

मी मूळची कुडाळची. पुण्यात जपानी शिकले आणि गेली अकरा वर्षं तोचिगी प्रांतातल्या उत्सुनोमिया शहरात राहून यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करते. कानुमा तिथून निक्कोच्या रेल्वेमार्गावरचं दुसरं स्टेशन. बाबा दारं-खिडक्या करायचे, आजोबाही तेच करायचे, आणि आमचं आडनावही त्याच धंद्याचं. त्याचा अर्थ सांगितल्यापासून सेन्सेई मला आडनावाला 'सान' लावून मोठ्या आदराने हाक मारतात, आणि त्या हाकेने माझ्यावर जबाबदारी येते. कारण बाबांच्या हत्यारांना मी कधी हात लावला नव्हता. कोणी अडवलं नव्हतं. माझं मन भाषांत होतं. पडवीत चालणाऱ्या त्या कामातलं एक वाक्य मात्र कानात राहिलं. चौकट उभी करण्याआधी बाबा हाताखालच्या पोराला म्हणायचे, "गुण्यात आसा काय ता बघ आधी." म्हणजे काटकोन जमलाय का ते पाहा, बाकी नंतर.

बाबा सुतात मोजायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. सेन्सेई बुमध्ये मोजतात, आणि बु म्हणजे ३.०३ मिलिमीटर. जपानने १९५९ साली मेट्रिक मापं सक्तीची केली, तरी जाळी करणाऱ्यांच्या तोंडून बु गेला नाही, जसं कुडाळात सूत गेलं नाही. दोन देशांतल्या सुतारांच्या रोजच्या बोलण्यातलं बारीक माप इतकं जवळ यावं, याचं मला पहिल्या आठवड्यात फार अप्रूप वाटलं. मी ते सेन्सेईंना सांगितलं. त्यांनी अंगठ्याचं नख पुढे केलं आणि बोटाने त्यावर एक रेघ ओढली. मला वाटतं, त्यांना म्हणायचं होतं की डोळ्याला आणि हाताला मिळून जेवढं नीट धरता येतं, ते माप तेवढंच आहे.

या कामाला कुमिको म्हणतात. 'कुमु' म्हणजे जोडणं, एकात एक गुंतवणं. 'को' म्हणजे लेकरू. चौकटीच्या आतली ही बारकी लेकरं. आज कुमिको म्हटलं की लोकांना नक्षी आठवते, पण शब्द नक्षीचा नाही. तो दाराच्या आतल्या साध्या पट्ट्यांचा आहे, आणि त्या पट्ट्या दारात आल्या त्या कागदासाठी.

हेइआन काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंत, क्योतोतल्या सरदारांची घरं म्हणजे खांबांवर उभी मोठमोठी दालनं. भिंती थोड्या. बाहेरच्या बाजूला 'शितोमि' नावाची जड झापं असत, फळ्यांवर जाळी ठोकलेली. दिवसा त्यांचा वरचा अर्धा भाग उचलून आकड्याला टांगून ठेवायचा. झाप उघडलं की उजेड येई, पण त्याच्यासोबत वारा, पाऊस आणि हिवाळ्यात हिमही. झाप मिटलं की थंडी थांबे, आणि खोलीत काळोख. त्या काळी 'शोजी' हा शब्द आडोशाच्या सगळ्याच प्रकारांना लावत: पडदा, फळी, चौकट, काहीही. बाराव्या शतकाच्या सुमाराला लाकडाच्या चौकटीत विरळ जाळी करून तिच्या एका अंगाला पातळ कागद चिकटवलेली सरकती दारं दिसू लागली. त्यांना नाव पडलं 'आकारी-शोजी', उजेडाची शोजी. थंडी बाहेर ठेवून उजेड आत घेण्याची सोय झाली. पुढे ती इतकी अंगवळणी पडली की नावातला 'उजेड' गळाला आणि नुसतं 'शोजी' म्हटलं तरी तेच दार कळू लागलं.

आता कागदाला स्वतःचा कणा नसतो. मोठा ताव नुसता ताणून लावला तर ओल्या हवेत पोट काढतो, कोरड्या हवेत फाटतो. त्याला मागून ठरावीक अंतरावर आधार लागतो. शिवाय हाताने गाळलेल्या कागदाचा ताव त्या साच्याएवढाच निघतो, आणि दोन तावांचा जोड पट्टीवर आला तरच तो दिसत नाही आणि सुटत नाही. म्हणून आडव्या पट्ट्यांचं अंतर कागद ठरवतो. आजही शोजीच्या कागदाच्या गुंडाळ्या ज्या रुंदीत मिळतात, त्यातली एक २८ सेंटीमीटरची आहे आणि तिला मिनो या जुन्या कागदी गावाचं नाव आहे. तिथला होनमिनोशी कागद २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. चौकोन आला तो असा. कोणाच्या सौंदर्यदृष्टीतून नव्हे, तर कागद गाळणाऱ्याच्या हातातल्या साच्यातून. मला ही गोष्ट कळली तेव्हा सेन्सेईंच्या "आधी चौकोन" या शब्दांचं वजन पहिल्यांदा जाणवलं.

पण सुरुवातीच्या या जाळ्या जाडजूड होत्या. बारीक करणार कशाने? त्या काळी जपानात लाकूड लांबीत चिरायची मोठी करवत नव्हती. ओंडक्याला ओळीने पाचरी ठोकायच्या आणि तो रेषेत उकलायचा. त्यासाठी सरळ रेषेचंच झाड लागे, हिनोकी किंवा सुगी. उकललेली फळी भाल्याच्या पात्यासारख्या 'यारी-गान्ना' नावाच्या हत्याराने तासायची. असा पृष्ठभाग हाताला सुंदर लागतो, त्यावर पानांसारख्या खुणा उठतात. पण शंभर पट्ट्या एका जाडीच्या त्यातून निघत नाहीत. पंधराव्या शतकाच्या आसपास दोन माणसांनी ओढायची 'ओगा' करवत वापरात आली, आणि लाकडी ठोकळ्यात पातं बसवलेला रंधाही आला. या दोन हत्यारांनी जपानी घर बदललं असं मी म्हणेन. पातळ फळ्या आल्या, उंबऱ्यात नीट खोबणी पाडता येऊ लागली, दारं हलकी झाली, आणि त्यांच्या आतल्या पट्ट्या बोटाहून बारीक झाल्या.

याच काळातली एक खोली अजून उभी आहे. क्योतोच्या गिंकाकुजीच्या आवारात तोगुदो नावाची इमारत आहे, १४८६ सालची, शोगुन पदावरून उतरलेल्या आशिकागा योशिमासाने बांधलेली. तिच्यातली दोजिनसाई ही खोली साडेचार तातामीची, म्हणजे आपल्याकडच्या देवघराला लागून असलेल्या खोलीएवढी. ठरावीक दिवसांत ती आतून बघायला मिळते. मी गेल्या शरदात गेले. लिहायला बसायची जागा, तिच्यासमोर शोजी, आणि शोजी थोडी सरकवली की बागेचा एक उभा तुकडा. जाळी साधी आहे. आडव्या-उभ्या रेघा, बस्स. माझ्यासोबतच्या रांगेतले लोक पुढे सरकत होते आणि मी त्या जाळीच्या खाचा मोजत उभी होते, कारण तोवर मला ठाऊक झालं होतं की एक खाच म्हणजे काय.

एक खाच म्हणजे काय ते सांगते. सगळ्या पट्ट्या जुडीसारख्या एकत्र आवळायच्या आणि त्यांच्यावरून एकच रेघ मारायची, म्हणजे सगळ्यांची खूण एका जागी येते. रेघ पेन्सिलीची नव्हे, सुरीची. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते. मग रेघेच्या आतल्या अंगाने करवत. जपानी करवत ओढताना कापते. बाबांची करवत ढकलताना कापायची, आणि माझ्या खांद्यात, कधी हात न लावताही, तीच चाल होती. पडवीत बसून वर्षानुवर्षं पाहिलेलं अंगात उतरतं की काय कोण जाणे. ओढताना पातं ताणलं जातं, वाकत नाही, म्हणून ते अगदी पातळ ठेवता येतं. पातळ पात्याची रेघ बारीक. दोन्ही अंगांना करवत मारायची, मधला तुकडा पटाशीने काढायचा, तळ सपाट करायचा.

आता हिशेब पाहा. दाराच्या एका लांब पट्टीवर वीस खाचा आहेत आणि प्रत्येक अंतरात मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक एकाच दिशेने होत गेली, तर शेवटच्या खाचेपाशी दोन मिलिमीटरचा फरक पडतो. पट्टी सहा मिलिमीटरची. म्हणजे शेवटची खाच समोरच्या खाचेला भेटणारच नाही. भाषांतरात एका वाक्यातली किंचित ढिलाई पुढच्या वाक्यात सावरून घेता येते, आणि ती सवय मला इथे फार नडली. लाकूड सावरून घेत नाही.

माझी चौथी पट्टी चुकली. करवत रेघेच्या बाहेरून गेली आणि खाच ढिली झाली. मी पट्टी बाजूला टाकायला निघाले तर सेन्सेईंनी ती घेतली. त्याच लाकडाची, त्याच दिशेच्या रेषा असलेली कागदाएवढी चीप खाचेच्या भिंतीला भाताच्या खळीने चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी मला ती खाच पुन्हा कापायला लावली. या डागडुजीला 'उमेकी' म्हणतात, बुजवलेलं लाकूड. नीट केली तर सहजी दिसत नाही. ज्याने कधी केली आहे त्याला मात्र दिसते.

खाच पट्टीपेक्षा केसभर अरुंद ठेवायची असते. मग पट्टी तिच्यात जाणार कशी? तर सांध्याच्या जागी पट्टीला हातोडीने हलके ठोके देऊन तिचे तंतू दाबायचे, ती बसवायची, आणि ओल लागली की ती फुगून पुन्हा मूळ अंगावर येते आणि सांधा पक्का होतो. याला म्हणतात 'किगोरोशी', म्हणजे लाकूड मारणं. दुसरा शब्द याहून भयंकर आहे. खाचा एकीवर वर, पुढचीवर खाली, अशा आलटून-पालटून पाडल्या तर पट्ट्या टोपलीच्या विणीसारख्या एकमेकींच्या वरखालून जातात. ही जाळी बसवताना सगळ्या पट्ट्या किंचित वाकवत एकदमच आत घ्याव्या लागतात, आणि एकदा बसली की मोडल्याशिवाय निघत नाही. तिचं नाव 'जिगोकु-गुमी', नरकाची जोडणी; आत गेलेला बाहेर येत नाही म्हणून. वास्तुरचनाकार केंगो कुमा यांनी २०१३ साली तोक्योच्या मिनामी-आओयामा भागात सनीहिल्स नावाचं दुकान उभारलं, ते या जोडणीवर आधारलेलं. इमारतीभर हिनोकीच्या काड्यांचं जंगल. बघायला जावं असं आहे.

जून-जुलैचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, पण महिनाभर हवा ओली असते. माझ्या पट्ट्या त्या दिवसांत फुगल्या, सकाळी बसणारी खाच संध्याकाळी बसेना. याच दिवसांत सेन्सेईंनी मला लाकडाबद्दल सांगितलं. नागानो प्रांतातल्या किसो खोऱ्यातला हिनोकी सर्वांत मानाचा. थंडीत हळू वाढलेला, त्यामुळे वलयं दाट, रेषा सरळ. इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, शेवटचं २०१३ साली, त्यासाठी हेच लाकूड जातं. किल्ले आणि शहरं बांधताना सतराव्या शतकात या खोऱ्यातले डोंगर उघडे पडले, तेव्हा ओवारीच्या तोकुगावा घराण्याने हिनोकीसह पाच झाडांवर तोडबंदी घातली. शिक्षा इतकी कडक की लोकांत म्हण पडली: एका हिनोकीला एक मुंडकं. ज्या झाडासाठी माणसांची डोकी गेली त्याची पट्टी आपण चुकीच्या अंगाने कापली, हे कळल्यावर मी दोन दिवस करवत हातात घेतली नाही.

क्योतोतल्या जुन्या दुकान-घरांच्या दर्शनी जाळ्या कुमिकोच्याच घराण्यातल्या, पण चौकोनाहूनही साध्या. नुसते उभे गज. तरी गजांवरून धंदा ओळखता येई. सुताच्या आणि कापडाच्या दुकानाच्या जाळीत काही गज वरून आखूड ठेवत, म्हणजे आत जास्त उजेड येऊन रंग पारखता येत. साके आणि तांदळाच्या दुकानांचे गज जाड, दणकट. पिंपं आणि पोती आदळणार तिथे नाजूकपणा कसा चालेल. कोळशाच्या दुकानाच्या जाळीतल्या फटी अरुंद, काळी धूळ रस्त्यावर जाऊ नये म्हणून. धंद्याची गरज जशीच्या तशी लाकडात उतरलेली, आणि तरी ती घरं एका रांगेत किती देखणी दिसतात.

मग फुलं कुठून आली?

दारातून नव्हे, दाराच्या वरून आली. दोन खोल्यांमधल्या सरकत्या दारांच्या वर, छतापर्यंत जी पट्टी उरते तिला 'रान्मा' म्हणतात. हवा आणि थोडा उजेड जावा म्हणून ती जाळीदार ठेवायची. तिथे कागद नसतो, कोणाचा हात लागत नाही, आणि खाली बसलेल्या पाहुण्याची नजर मात्र तिथेच जाते. सुतारासाठी यासारखी मोकळी जागा नाही. साधा प्रकार 'ओसा-रान्मा'. ओसा म्हणजे हातमागाची फणी, कारण जवळजवळ लावलेल्या उभ्या काड्या फणीसारख्याच दिसतात. क्योतोच्या कात्सुरा प्रासादात, सतराव्या शतकातल्या त्या बांधकामात, एका रान्मात चंद्राच्या अक्षराची मोडणी करून जाळी केली आहे. अक्षर ओळखू येतं न येतं इतकं मोडलेलं. भाषेवर जगणारी मी त्यापुढे बराच वेळ बसले.

अशी मोडणी मात्र त्याहून फार जुनी आहे. नारा प्रांतातल्या होर्युजीच्या मुख्य मंडपाला आणि पाच मजली पॅगोड्याला वरच्या मजल्यावर लाकडी कठडे आहेत. जगात उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्यांची गणना होते. सातव्या शतकाच्या शेवटाकडे बांधलेल्या. कठड्यांची जाळी 'मान्जी-कुझुशी', म्हणजे मोडलेलं स्वस्तिक. रेघा तुटत, वळत, पुन्हा जुळत जातात, आणि नजर जरा स्थिर ठेवली की त्यात आपलं उंबऱ्यावरचं स्वस्तिक दिसू लागतं. ते बौद्ध धर्मासोबत चीन-कोरियामार्गे इथवर आलेलं आहे. हे काम कुमिकोइतकं बारीक नाही. पण सरळ पट्ट्यांतून नक्षी काढायची कल्पना जपानात किती आधी पोचली होती ते इथे कळतं. 'शिप्पो' नावाच्या एकमेकांत गुंफलेल्या वर्तुळांच्या नक्षीचंही तसंच. शिप्पो म्हणजे सात रत्नं, बौद्ध ग्रंथांतली सप्तरत्नं. हे शब्द मला शब्दकोशात सापडले असते तर मी नोंद करून पुढे गेले असते. लाकडात सापडले म्हणून त्यांच्यापाशी थांबले.

एदो काळात, म्हणजे १६०३ नंतरच्या अडीचशे वर्षांत, दारं करणारा 'तातेगुया' घर बांधणाऱ्या सुतारापासून वेगळा झाला. एकच काम आयुष्यभर करणाऱ्या माणसाचा हात बारीक होत जातो. बारीक झालेल्या हाताला चौकोनाच्या आतली मोकळी जागा दिसू लागते. तिच्यात त्याने काड्या भरल्या: तीळ, कासवाची पाठ, टोपलीचा डोळा, चेरीचं फूल. आणि आसानोहा.

आसा म्हणजे भांगेच्या कुळातलं, पण धाग्यासाठी लावलं जाणारं झाड. हा म्हणजे पान. नक्षी एदो काळाच्याही आधीची आहे. जुन्या बुद्धमूर्तींच्या वस्त्रांवर सोन्याच्या पत्र्याच्या केसाएवढ्या काड्या चिकटवून ती काढलेली दिसते. पण घराघरांत ती पोचली कापडावरून. १८०९ साली एदोच्या रंगभूमीवर पाचव्या इवाई हानशिरोने ओशिचि या भाजीवाल्याच्या मुलीची भूमिका केली, आसानोहाचा किमोनो घालून, आणि शहरातल्या बायकांनी तो उचलून धरला. तान्ह्या मुलांच्या अंगड्यांवरही हीच नक्षी, कारण हे झाड सरळ आणि भराभर वाढतं, आणि त्याला कीड लागत नाही असं मानतात. बाळानेही तसंच वाढावं.

कानुमात हे सगळं पुस्तकी राहत नाही, कारण कानुमा हा आसाचाच मुलूख. इथला धागा जुन्या प्रांतनामावरून 'याशु-आसा' म्हणून ओळखला जाई. १९४८ च्या कायद्याने लागवडीला परवाना लागू झाला; आता थोडेच शेतकरी ते लावतात, देवळांच्या दोरांसाठी. एप्रिलमध्ये पेरतात, जुलैत कापतात, आणि तेवढ्यात झाड माणसाच्या डोक्यावर जातं. माझ्या चौकोनाला लागला तेवढाच काळ.

जाळीकाम इथे रुजलं ते निक्कोमुळे. तोकुगावा इएयासूचं समाधिमंदिर तिथे १६१७ साली उभं राहिलं आणि त्याच्या नातवाने ते १६३६ पर्यंत नव्याने, आज दिसतं त्या वैभवात बांधून घेतलं. ठिकठिकाणचे सुतार, कोरके, रंगारी या वाटेने आले. काम संपल्यावर सगळे परत गेले नाहीत, काही कानुमात राहिले, असं इथे सांगतात. त्यांच्यामागे लाकूडही होतं. निक्कोकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मात्सुदाइरा मासात्सुना या सरदाराने वीसेक वर्षं सुगीची झाडं लावली आणि १६४८ साली ती समाधीला अर्पण केली. तिन्ही फाटे मिळून सुमारे पस्तीस किलोमीटरची ती राई अजून आहे, आणि तिचा एक फाटा कानुमाच्या दिशेने येतो. दक्षिणेला क्युशू बेटावर ओकावा हे असंच दुसरं गाव, नदीतून वाहत आलेल्या ओंडक्यांवर वाढलेलं. तिथल्या कारागिरांची जाळी २०१३ साली सुरू झालेल्या 'नानात्सुबोशी' या आलिशान रेल्वेगाडीत लागली आहे.

ऑगस्टमध्ये मला आसानोहा मिळाली. तिचा चौकोनी जाळीतला प्रकार: एका घरात सात काड्या. आधी एक कर्ण. त्याने घराचे दोन त्रिकोण होतात. प्रत्येक त्रिकोणात कर्णाच्या दोन टोकांकडून दोन काड्या मध्याकडे येतात, आणि तिसरी काटकोनातून येऊन त्या दोघींना कुलूप घालते. कोन तीनच: ४५, साडेबावीस आणि साडेसदुसष्ट अंश. त्या उतारांचे लाकडी ठोकळे असतात; काडी ठोकळ्यात धरायची आणि पटाशी उतारावरून सरकवायची. पहिल्या दोन काड्या लुळ्या असतात, हाताने धरून ठेवाव्या लागतात. तिसरी आत गेली की सगळं एकदम ताठ होतं. खळ न लावता उलटं करून हलवलं तरी पडत नाही. पण हे होतं ते घर गुण्यात असेल तरच. काटकोन किंचित चुकला की साडेबावीस अंशाची काडी टोकाशी फट सोडते, आणि ती फट पुढच्या घरात वाढते. मी चार महिने जे केलं होतं ते इथे कामाला आलं, आणि माझी ती उमेकी केलेली पट्टी जिथे होती तिथेही काडी बसली.

हल्ली जगभर लोक हे काम शिकतात, आणि बहुतेक फुलापासून सुरुवात करतात. हातभर चौकट, आत चार घरं, आत आसानोहा. एका शनिवार-रविवारात होतं. ही वाट खुली करणाऱ्यांबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. तोशिओ ओदाते तोक्योत तातेगुयाकडे उमेदवारी करून १९५८ मध्ये अमेरिकेत गेले आणि त्यांनी हत्यारांवर, शोजीवर इंग्रजीत पुस्तकं लिहिली. ऑस्ट्रेलियाच्या डेझमंड किंग यांनी तोयामात शिकून नक्ष्यांची कृती एकेक कोनासह मांडली. त्यांच्याशिवाय हे ज्ञान थोड्या म्हाताऱ्यांच्या हातांत संपलं असतं. कारण जपानात ॲल्युमिनियमच्या चौकटी आल्या, काच आली, तातामीची खोली नसलेली घरं आली, आणि दार दुकानातून तयार येऊ लागलं. २०२० साली युनेस्कोने लाकडी वास्तू जपण्याची जी सतरा कौशल्यं यादीत घेतली, त्यांत दारं करण्याचं कौशल्य आहे. पण माझं मत विचाराल तर फुलाला मागणी राहील, ते भिंतीवर टांगता येतं. धोका चौकोनाला आहे. वीस खाचांची पट्टी एका ओढीत सरळ लागावी म्हणून चार महिने कोण देणार? आणि त्या चौकोनात जे शहाणपण साठलंय, कागदाचं, हवेचं, करवतीचं, ते फुलातून उलट दिशेने शिकता येत नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सेन्सेईंच्या घरी शोजीचे कागद बदलायचे होते. वर्षअखेरच्या साफसफाईत हे काम असतं. एरवी शोजीला बोट लावलं तरी ओरडा खाणाऱ्या नातवंडांना त्या दिवशी कागद फोडायची मुभा. त्यांनी मुठी घालून पाच मिनिटांत चारही दारं फाडली. ओकुसाननी, म्हणजे सेन्सेईंच्या पत्नीने, उरलेल्या कागदावर पाणी मारलं, खळ सुटली, आणि आम्ही चिंध्या ओढून काढल्या. दारं अंगणात भिंतीला टेकून वाळायला ठेवली. नुसती जाळी, आणि तिची सावली जमिनीवर. ही दारं सेन्सेईंच्या वडिलांच्या दुकानात झालेली.

मी फडक्याने पट्ट्या पुसत होते. तिसऱ्या दाराच्या खालून दुसऱ्या ओळीत माझं बोट थांबलं. खाचेच्या भिंतीला एक चीप होती, कागदाएवढी, रेषा जुळवून बसवलेली. कडेने रंग किंचित वेगळा.

मी सेन्सेईंकडे पाहिलं. ते चष्मा वर सारून वाकले, त्यांनीही बोट फिरवलं.

"ही माझी," म्हणाले. "सोळा वर्षांचा होतो. वडिलांनी पट्टी टाकू दिली नाही."

मग त्यांनी खळीचं भांडं माझ्याकडे दिलं, आणि आम्ही खालच्या ओळीपासून कागद लावायला घेतला.